राहून गेलेलं बारसं

किरणचा फोन आला तेव्हा शाळेत खिचडीचा वास सुटला होता आणि मी पोरांना रांगेत बसवत होते. "आक्का, बाळ गेलं," एवढंच तो म्हणाला. मागून सारिकाचा आवाज येईल म्हणून मी कितीतरी वेळ फोन कानाला लावून उभी राहिले... आला नाही. पोरं ताटल्या वाजवत होती, आणि त्यांना गप्प करायचं मला सुचलं नाही.

माझ्या या भाच्यानं त्याचं सगळं आयुष्य, म्हणजे जेमतेम आठ महिने, बारामतीच्या दवाखान्यातल्या एकाच खोलीत काढलं. किरण माझा धाकटा भाऊ, सारिका त्याची बायको. तिला सातव्यातच कळा आल्या. लेकरू तळहाताएवढं. आधी काचेची पेटी, मग व्हेंटिलेटर. तो आज जातोय की उद्या, असं करता करता पठ्ठ्या तगला. इतकंसं पोर, पण राग सगळा आमच्या घराण्याचा! नाकातली नळी उपटायची त्याला भारी खोड. सिस्टरच्या चपलांचा आवाज ओळखून तो आधीच मूठ वर करायचा. सारिका कोपरापर्यंत हात धुऊन आत आली आणि वाकली की मात्र कपाळावरच्या आठ्या जायच्या आणि गालाला बारीकशी खळी पडायची.

आमच्याकडं नाव आत्या ठरवते. बारशापर्यंत ते कुणाला सांगायचं नाही, अगदी आईलाही नाही. ते पहिल्यांदा पडायचं बाळाच्याच कानात. मी पहिल्याच आठवड्यात नाव ठरवलं होतं. इंदापुरात सकाळी ऐकलेली गोष्ट दुपारपर्यंत माहेरी लासुर्ण्यात पोचवणारी मी, एवढी एकच गोष्ट पोटात ठेवून बसले.

सातव्या महिन्यात व्हेंटिलेटर सुटला. ऑक्सिजनची आणि दुधाची, अशा दोन नळ्या तेवढ्या सुटेनात. एक दिवस डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून घेतलं. "जिवावरचं टळलंय," त्या म्हणाल्या. "पण अशी बाळं वाचली तरी लवकर बरी होत नाहीत. महिनोन् महिने जागा लागते, आणि आमच्याकडं जागा मोजक्या. सारिकाला नळीनं दूध पाजता येतंय. ऑक्सिजनचं मशीन घ्या आणि याला घरी न्या. काही वाटलं तर लगेच घेऊन या."

सारिका हरखली. "नेऊया की, आक्का. त्याला आंगण तर दिसंल."

मोडता घातला तो मीच. म्हटलं, "लासुर्ण्यात लाइटीचा भरवसा हाय का? नळ्या निघू दे. मग थाटात बारसं करू." किरण माझ्या शब्दाबाहेर नाही, आणि मोठ्या नणंदेपुढं सारिका काय बोलणार? लाइट हे निमित्त होतं. लाइट गेली तर सिलिंडर ठेवता आला असता, डॉक्टरीणबाईंनी तेही सांगितलं होतं. खरं म्हणजे नाकात नळ्या असलेलं पोर पाळण्यात घालायची मला लाज वाटत होती. गावातल्या बायका ओटी भरतील आणि पाठ वळताच चुकचुकतील, हेच माझ्या डोळ्यांपुढं होतं.

पुढच्याच आठवड्यात निरवांगीची एक म्हातारी दुपट्यात नात घेऊन आली. एका दिवसाची पोर, ओठ निळसर. आत जागा नव्हती. पुण्याला न्यायचं ठरलं, रुग्णवाहिका येईपर्यंत सिस्टर हातानं फुगा दाबून तिला श्वास देत होती. म्हातारी काचेला नाक लावून आत बघत होती. आमचा पठ्ठ्या नेमका तेव्हाच हसला.

"ते बाळ तर हसतंय की ओ बाई," ती मला म्हणाली. "त्याला कशाला ठिवलंय हितं?"

मी पदर सारखा करत बसले. आणि खोटं कशाला बोलू, गाडी गेली तेव्हा मला आधी हायसं वाटलं. आपली जागा राहिली म्हणून. त्या पोरीचं पुढं काय झालं, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

मग आमच्या बाळाला तिथंच ताप भरला. जंतुसंसर्ग झाला, पुन्हा व्हेंटिलेटर लागला, आणि या वेळी तो तगला नाही. "हे घरीही होऊ शकलं असतं," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. असेल. पण घरी त्यानं आधी आंगण तरी बघितलं असतं, आणि त्याची जागा त्या पोरीला मिळाली असती.

लासुर्ण्यात उसाच्या बांधाला त्याला पुरलं. माती लोटताना चुलते तात्या म्हणाले, "लेकराचं नाव काय ठिवलं हुतं?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. "न्हाय ठिवलं," मी म्हटलं. ते उच्चारायचा हक्क मी घालवला, असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

गेल्या रविवारी मी लासुर्ण्याला गेले. सारिका मोरीत हात धूत होती. कोपरापर्यंत साबण, बोटांच्या बेचक्या, नखं... मग ओले हात वर धरून ती वाळायची वाट बघत राहिली. आतल्या खोलीत घड्या घालायचे कपडे होते, बाकी काही नव्हतं.

"सारिका, अगं आता कशाला?"

"सवय लागलीया." ती तशीच पाठमोरी उभी राहिली. "आक्का, नाव ठरलं हुतं न्हवं?"

"व्हय."

"मग मला तर सांगा."

मी जवळ गेले. तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "मल्हार."

तिनं ते ओठातल्या ओठात एकदा म्हणून बघितलं.

"हाक मारायला सोपं हुतं," ती म्हणाली.