बाबांच्या माकडांची पडताळणी

माझे बाबा तरुणपणी खमीस मुशैतला वेल्डर होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तिथे जूनमध्ये स्वेटर लागायचा, गारा पडायच्या, मलिदा मिळायचा आणि माकडं जेवणाचे डबे पळवायची. अरबस्तानात! गुहागरजवळच्या आमच्या गावात यावर गेली चाळीस वर्षं लोक हसतायत. शेजारचे बंडूकाका तर रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन विचारतात, "काय भाऊ, आज किती बर्फ पडला?"

बाबांच्या पंचाहत्तरीला घरच्यांसाठी मी एक पुस्तिका करत होते. या गोष्टी 'आठवणी'त घालायच्या की 'गमती'त? मी जेद्दाला इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते. तपासल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही. आणि इथे प्रश्न माझा बाप थापाड्या आहे का, हा होता. माझा नवरा मिलिंद म्हणाला, "यल्ला, जाऊन बघू."

जेद्दा ते अभा विमानाने तासाभराचं. तिथून भाड्याच्या गाडीने खमीस अर्ध्या तासात. उन्हाळ्यात सगळा देश थंडाव्याला इकडेच येतो, तेव्हा हॉटेल आधी ठरवा. आणि स्वेटर घ्या. मला बाबांच्या सांगण्याची शंका, म्हणून मी घेतला नव्हता. विमानतळाबाहेर धुक्यात कुडकुडत पहिला मुद्दा बाबांच्या नावावर लिहिला.

सकाळी न्याहारीला अरीका खाल्ला: कुस्करलेली रोटी, वर तूप, मध, खजूर. मिलिंद बोटं चाटत म्हणाला, "हा मलिदाच की." दुसरा मुद्दा.

बाबा राहायचे तो कामगारांचा कँप जुन्या बाजारामागे टेकडीला लागून होता. आम्ही तासभर गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी चहाच्या टपरीवरचे म्हातारे मलबारी चाचा हिंदीत म्हणाले, "वेल्डर लोगों का कँप? खलास. वो पार्किंग देखो, वही." बाबांची खोली जिथे असेल तिथे एक पांढरी जीप उभी होती. मी तिचाच फोटो काढला. गारांबद्दल विचारलं तर चाचांनी टपरीचा पत्रा दाखवला, खड्डेच खड्डे. मी 'ऐकीव, पण पत्रा पाहिला' अशी नोंद केली.

दुपारी डोंगरावरच्या घाटात गाडी थांबवली. इथे एक सूचना: काचा बंद ठेवा. आम्ही मराठी माणसं, दरी दिसली की डबा उघडतो. मी डिंकाच्या लाडवांचं झाकण काढलं आणि एका दांडग्या माकडाने खिडकीतून हात घालून डबाच नेला. मी ओरडायच्या ऐवजी म्हणाले, "मिलिंद, व्हिडिओ घे."

सुट्टीत गावी गेले. ओट्यावर सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. बंडूकाकांनी तो दोनदा पाहिला. "म्हणजे खरंच होतं की रे, भाऊ," म्हणाले आणि आंब्याच्या भावाकडे वळले. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत.

बाबा माझ्यावरच घसरले. "तुला कोणी सांगितलं होतं पुरावा आणायला?"

"तुमच्यासाठीच केलं ना, बाबा."

"ती माणसं मला खोटं पाडायला यायची. आता कशाला येतील?"

चांगला चाललेला ओटा मी बंद पाडला होता.

तिसऱ्या दिवशी बाबांनी बंडूकाकांना कुंपणावरूनच हाक मारली. "माकडांचं सोड. कँपवर एक लांडगा यायचा, रोज. माझं वेल्डिंग बघत बसायचा."

बंडूकाका आले, पण बसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गो, हे तपासलंस काय?"

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. लांडगे त्या डोंगरात आहेत, एवढं मी वाचलं होतं. पण वेल्डिंग बघणारे?

"नमुना मिळाला नाही, काका," मी म्हणाले. "रिपोर्ट देता येत नाही."

पुस्तिकेत आता दोन्ही मथळे नाहीत. तिथे फक्त 'बाबा सांगतात' असं आहे. त्यावर मला सही करता येते.

बंडूकाकांनी ओट्यावर मांडी ठोकली. "बरं भाऊ, तो लांडगा काळा चष्मा घरनं आणायचा, की तू द्यायचास?"