सरांच्या एकट्या लाटा

अवकाशातल्या प्लाझ्मावर काम करतो म्हटलं की लोकांना वाटतं, ही माणसं कायम गंभीर असणार. पनवेलच्या आमच्या संस्थेत मला अकरा वर्षं झाली. पेपर किती झाले ते विचारू नका, किस्से मात्र कपाटात मावत नाहीत! त्यातले निम्मे आमच्या गटप्रमुख सरांचे. ते स्वतः सोयीस्कर विसरतात, म्हणून मला लक्षात ठेवावे लागतात.

*

कोविडच्या काळात आमच्या पाटीवरचा 'प्लाझ्मा' वाचून लोक फोन करायचे. बिचारे घाबरलेले असायचे, मी त्यांना ब्लड बँकेचा नंबर द्यायचो. एकदा फोन सरांनी उचलला. समोरच्या बाईंना त्यांनी दहा मिनिटं समजावलं, की आमचा प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित कणांचा विरळ वायू, तो पृथ्वीच्या खूप वर असतो. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, त्यात बी पॉझिटिव्ह मिळेल का?"

*

विज्ञान दिनाला सरांचं खांदा कॉलनीत व्याख्यान होतं. तासभर प्लाझ्मातल्या लाटांवर बोलले. शेवटी एका आजोबांनी विचारलं, की तळोज्याच्या कारखान्यांचा वास आमच्याकडे कुठल्या लाटेवरून येतो? सर म्हणाले, "एवढ्या खालचं आम्ही बघत नाही."

सगळ्यात जोरात टाळ्या याच उत्तराला पडल्या. त्या कशासाठी होत्या हे सरांना अजून कळलेलं नाही.

*

आता नम्रता. उरणच्या कोळीवाड्यातली, आमच्याकडे पीएचडीला आलेली. तिसऱ्या वर्षी समिती बसते. काम पटलं तर फेलोशिप पुढे चालू, नाहीतर पोरगी घरी. तिचा विषय 'एकटी लाट'. उपग्रहाने मोजलेल्या विद्युतक्षेत्राची रेघ सरळ चाललेली असते, मधेच एकदा वर उडी मारते, तेवढीच खाली जाते आणि पुन्हा सरळ. मागे-पुढे दुसरी लाट नाही.

सरांना मात्र आलेख इस्त्री केल्यासारखा सपाट लागतो. पहिल्याच दिवशी तिच्या स्क्रीनवरच्या उड्या पाहून ते म्हणाले, "हा कचरा आहे. यंत्राचा दोष. काढून टाक." आणि सगळ्यांसमोर स्वतःच डिलीट दाबलं.

ती कॅन्टीनमध्ये जाऊन रडली. मला सरांचा राग आला होता. मी गप्प बसलो, त्याचा राग अजून येतो.

*

एकदा तिचे बाबा सुकटीची पिशवी घेऊन संस्थेत आले. लेक काय शोधते ते त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढी वर्सं शिकून एकच लाट? आमच्या दर्यात तर मोजता येत नाय!"

सर सगळ्यांत जास्त हसले. सुकटही तेच घरी घेऊन गेले.

*

पुढे एका परदेशी गटाने हुबेहूब तशाच उड्या छापल्या आणि त्या खऱ्याखुऱ्या लाटा असल्याचं दाखवून दिलं. दुसऱ्या दिवसापासून सर भेटेल त्याला सांगू लागले, की मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

आणि समिती आली. नम्रताने बोलायचं होतं, पण सरच उभे राहिले. "या लाटा आपल्याकडे प्रथम मी ओळखल्या," म्हणाले. अध्यक्षबाई कडक होत्या. त्यांनी मूळ नोंदी दाखवायला सांगितल्या. सरांनी आपला कॉम्प्युटर उघडला. एकेक आलेख सपाट! सगळ्या उड्या त्यांनीच पुसलेल्या. त्यांनी नम्रताकडे पाहिलं.

तिने आपला लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. डिलीट करण्याआधीच्या मूळ नोंदींची प्रत तिच्याकडे होती. तीन वर्षांतली प्रत्येक उडी तारीख-वेळेसकट एकाच फोल्डरमध्ये जपलेली. पडद्यावर त्या फोल्डरचं नाव भल्या मोठ्या अक्षरांत दिसत होतं: 'कचरा'.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "हे नाव कोणी दिलं?"

"सरांनी," नम्रता म्हणाली. "पहिल्याच दिवशी."