माहेरपणाला गेलेली गाडी

चहा आधी संपवा, मग सांगते. मागे हा किस्सा सांगताना माझ्या नणंदेला असा ठसका लागला की अर्धा कप माझ्या नव्या सोफ्यावर सांडला. डाग अजून आहे. तेव्हा कप खाली ठेवा आणि ऐका, माझी माझ्याच माहेरात कशी शोभा झाली ते.

सगळं सुरू झालं एका गाडीपासून. साधीसुधी गाडी नव्हे बरं का! विजेवर चालणारी, परदेशी कंपनीची, एकदम आलिशान. तिच्या दारांना कड्याच, म्हणजे उघडायची हँडलंच, दिसत नाहीत. आपण जवळ गेलो की त्या आपोआप बाहेर येतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शोरूममध्ये तीनचार वेळा पुढे-मागे चालून ते करून घेतलं. आता मी सांगलीत हळद दळून पाकिटं भरायचा धंदा करते. इतकी वर्षं टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून, पिवळी धमक होऊन बाजार समितीत गेले आणि आले. एकदा आपणही गार हवेत, मऊ सीटवर बसावं असं मला वाटलं, यात माझं काही चुकलं का?

पण आमच्या घरी वाटून उपयोग नसतो. आमचे हे, म्हणजे दिलीप, कॉलेजात फिजिक्स शिकवतात. घरात काहीही घ्यायचं म्हटलं की फायदे-तोटे झाल्याशिवाय हलायचं नाही. मिक्सर घेतानासुद्धा आठवडाभर चाललं होतं. पद्धत अशी की फायदे मी सांगायचे आणि तोटे ह्यांनी.

मी म्हटलं, गाडीला अजिबात आवाज नाही. हे म्हणाले, म्हणूनच गल्लीत रस्त्यावर झोपलेली कुत्री उठणार नाहीत आणि आपण तिथेच उभे राहू. मी म्हटलं, पेट्रोल लागत नाही. हे म्हणाले, पण आपल्याकडे दुरुस्तीसाठी म्हणून वीज जाते त्या दिवशी गाडी काय समईवर चालवायची? मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. म्हटलं, पुढचं बॉनेट उघडलं की इंजिनच नाही, सामान ठेवायला मोकळी जागा आहे. हे चष्मा पुसत म्हणाले, "इंजिन नाही आणि सामान ठेवतात, त्याला गाडी म्हणत नाहीत, वैजू. त्याला कपाट म्हणतात."

मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

एका गोष्टीवर मात्र आम्हा दोघांचं एकमत होतं. शेवटचा शब्द माझ्या वडिलांचा. आबांनी सगळी फौजेची नोकरी ट्रक चालवत काढली, बर्फात आणि वाळवंटात. कराडच्या पुढे कोयनेकाठी आमचं गाव, तिथे गाडी म्हणून जे काही येतं ते आधी आबांपुढे उभं राहतं. ट्रॅक्टर असो, मोटरसायकल असो, नाहीतर शाळेची बस. आबा स्वतः बसतात, ओढ्याच्या पुलापर्यंत चालवतात, परत येतात आणि उतरून म्हणतात, "घ्या." नापसंत असली तर काही बोलत नाहीत, नुसता पानाचा डबा मागतात. डबा मागितला की व्यवहार मोडला. ह्यांनी लग्नानंतर एक स्कूटर आबांना न दाखवता घेतली होती. मी मागे बसलेली असताना ती पहिल्याच चढाला जी बंद पडली, तेव्हापासून हेही आबांना मानतात.

तर मी ठरवलं, टेस्ट ड्राइव्ह घ्यायची आणि गाडी सरळ माहेरी न्यायची. आबांचं 'घ्या' मिळवायचं आणि मग ह्यांच्यापुढे ठेवायचं. मग बघू कुठले तोटे काढतात ते! ह्यांना सांगितलं, हळदीच्या सौद्याला चालले.

शोरूमने गाडीबरोबर पाटणकर नावाचे गृहस्थ दिले. टाय लावलेले, कानावर केस पिकलेले, अगदी सज्जन माणूस. मी त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि आधीच बजावलं की गावात तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. कारण विकणारा बोलायला लागला की आबा ऐकणं बंद करतात. ते हो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, गाव कोणतं? मी सांगितलं. ते एकदम सरळ बसले.

"मॅडम, तिथे कुणाकडे जायचंय?"

"फौजी आबांकडे. माझे वडील."

"मॅडम, मग मला तुम्हाला एक..."

"पाटणकर," मी म्हटलं, "आत्तापासूनच गप्प बसायची सवय करा."

बिचारे गप्प बसले. मला वाटलं, काय शिस्तीचा माणूस आहे.

आणि काय सांगू, हायवेला लागल्यावर मी पायाने जरा दाबलं तर पोट पेठ नाक्यावर राहिलं आणि मी कासेगावात! उसाच्या ट्रॉल्या, एसट्या, दुधाचे टँकर, सगळे मागे. आत इतकं शांत की मला माझ्याच बांगड्या ऐकू येत होत्या. मी मोठ्याने हसत होते, एकटीच. आरशात पाटणकर डोळे मिटून बसलेले दिसत होते.

घरापुढे गाडी थांबवली तेव्हा आबा ओसरीवर बसले होते, आई अंगणातच होती आणि शेजारच्या शेवंताकाकू तिच्याशी बोलत उभ्या होत्या. आईने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. "आणलीस व्हय ग शेवटी," म्हणाली. शेवंताकाकूंनी पदर खोचला आणि विचारलं, "तुझी हाय व्हय ग, वैजे?"

आता इथे मी 'नाही, बघायला आणलीय' एवढंच म्हणायचं होतं. पण कड्या बाहेर आल्या होत्या, उन्हात गाडी चमकत होती, शेवंताकाकूंचा आ वासलेला होता. तोंडातून निघून गेलं, "हो, मीच घेतली."

एकदा हो म्हटलं की मग त्याला आणखी चार गोष्टींचा टेकू लावावा लागतो. मी सांगितलं, माझ्या धंद्यातून घेतली. मागे बसलेत ते ड्रायव्हर. आणि आवाज खाली आणून म्हटलं, "ह्यांना अजून सांगितलं नाही हं. तुम्हीही सांगू नका."

आईने आबांकडे बघितलं. आबांनी पाटणकरांकडे बघितलं. पाटणकरांनी आभाळाकडे बघितलं. मला वाटलं, लेकीच्या कर्तबगारीने सगळ्यांची वाचा बसली.

आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, गाडीला हळदीकुंकू लावलं. पण नारळ काही फोडला नाही. मला जरा लागलंच ते. एवढी मोठी गाडी आणि घरात एक नारळ नसावा? मग चहा आला. पाटणकरांच्या हातात कप देत आई म्हणाली, "तुमचा बिनसाखरेचा हाय." मी मनात म्हटलं, बघा, माणूस बघितल्याबरोबर साखरेचा त्रास ओळखते माझी आई!

मग आबा स्टिअरिंगवर बसले. त्यांनी दारावरचं एक बटण दाबलं आणि सीट सर्र करून मागे गेली, थोडी वर झाली आणि बरोबर त्यांच्या मापाला येऊन थांबली. मी तर टाळीच वाजवली. आबांना सांगितलं की ही गाडी माणूस ओळखते. आबा नुसतं "व्हय" म्हणाले.

पुलापर्यंत त्यांनी गाडी नेली. परत वळताना त्यांनी शांतपणे विचारलं, "कवा घेतली म्हनालीस?"

"झाला की पंधरवडा."

"मग पंधरवडा झाला, तुज्याच दारात हाय?"

"हो. झाकून ठेवलेली असते."

"आन् दिलीपरावास्नी दिसली न्हाई?"

"त्यांचं घरात लक्ष कुठं असतं, आबा?"

"खरं हाय," आबा म्हणाले. "लय भोळा माणूस."

मला इतकं बरं वाटलं! मी मग थांबलेच नाही. घरी आल्यावर शेवंताकाकूंना आत बसवून चक्कर मारून आणली. दिवाळीत आईला ह्याच गाडीतून जोतिबाला नेते म्हणाले. सगळ्या आळीला जेवण कबूल केलं. मी जेवायला आत गेले तेव्हा आबा पाटणकरांना म्हैस दाखवायला गोठ्याकडे घेऊन गेले. टायवाल्या माणसाला म्हैस कशाला दाखवायची, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण माझ्या ताटात भरलं वांगं होतं.

निघायची वेळ झाली. माहेराहून लेक रिकाम्या हाताने जात नाही, आणि रिकाम्या गाडीने तर मुळीच नाही. आई गुळाची ढेप घेऊन तडक गाडीच्या पुढे गेली, बॉनेट उघडलं आणि ढेप आत ठेवली. मग काकवीचा कॅन, शेंगांची पिशवी, तांदूळ. सगळं कसं शिस्तीत लावलं. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईने आयुष्यभर बॉनेटखाली इंजिन बघितलं, तिला तिथे जागा मोकळी आहे हे कुणी सांगितलं? मला तेव्हाही शंका आली नाही. मला आईच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

मी स्टिअरिंगवर बसले. पण निघवेना, कारण आबा अजून 'घ्या' म्हणाले नव्हते आणि पानाचा डबाही मागितला नव्हता. ते खिडकीशी आले, आत वाकले.

"वैजे, गेल्या आयतवारी दिलीपराव आलते."

"इथे? एकटे?"

"ह्याच गाडीतनं. हाच डायवर मागं बसवून. म्हनले, मी घेतलीया, वैजूला आत्ताच सांगू नका, तिच्या वाढदिवसाला दावायचीय. तुज्या आईनं नारळ फोडला. मी पुलापतूर नेली, ह्या साहेबानं माझं माप त्या बटनात घालून दिलं. आज तू आलीस तवा आमाला वाटलं, दिली वाटतं बायकुला. तर तू म्हनतीस, मीच घेतली आन् त्यास्नी ठावं न्हाई. मग मी साहेबाला गोठ्यात नेऊन इचारलं, तवा कळलं, गाडी आजून दुकानाचीच हाय."

मी मागे वळून बघितलं. पाटणकर अगदी हळू म्हणाले, "मॅडम, मी सांगणारच होतो. तुम्ही गप्प बसायला सांगितलं."

आबांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. रागाने नव्हे, हसू दाबल्याने.

"एकच गाडी दोघांनी येगयेगळी घेतली तुमी. आता मिळून एकदा खरी घ्या."

घ्या म्हणाले! पण मला आनंदाने ओरडायची सोय उरली नव्हती. परतताना मी गाडी इतकी हळू चालवली की कासेगावजवळ उसाची एक ट्रॉली आम्हाला मागे टाकून गेली.

गाडी शोरूमला देऊन रिक्षाने घरी आले, तर हे दारातच उभे. माझ्या हातातली ढेप आणि कॅन बघून म्हणाले, सौद्यात काकवीपण मिळायला लागली का? मी म्हटलं, हो, मिळते. ह्यांनी कॅन उचलून बघितला. त्याच्या झाकणाला आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. ती चिंधी जगात दुसरीकडे कुठे मिळत नाही. हे आत गेले, पुस्तकांच्या कपाटामागे हात घातला आणि तसाच एक कॅन काढला. तशीच हिरवी चिंधी. दोन्ही कॅन शेजारी शेजारी टेबलावर ठेवले.

मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, अहो, मग ते कुत्र्याचे आणि समईचे तोटे कशाला सांगत होता? हे खाली बघत म्हणाले, "मला गाडी आवडलीय हे तुला कळू नये म्हणून." सांगते तुम्हाला, इतकी वर्षं झाली लग्नाला, पण त्या मिनिटाला मला हा माणूस फार फार आवडला. तोटे संपले होते. उरलेल्या फायद्यांवर आम्ही गाडी खरंच घेतली.

आणि ज्या दिवशी ती मिळाली त्याच दिवशी दोघं मिळून गावाकडे निघालो. झेंडूचा हार, लिंबू-मिरची, पेढे, सगळा थाट. घरापुढे थांबून मी हॉर्न वाजवला. कुणी बाहेर येईना. पुन्हा वाजवला. शेवंताकाकूंनी खिडकीतून बघितलं आणि परत भाजी निवडायला बसल्या.

शेवटी आईचा आतूनच आवाज आला, "आलासा व्हय? बसा. कवा परत द्यायची हाय गाडी?"

आम्ही दोघं शपथा घेत होतो. ह्यांनी तर स्वतःच्या डिग्रीची शपथ घेतली. आबा उठून आले. गाडीत बसले आणि त्यांनी ते दारावरचं बटण दाबलं. सीट हलली नाही. परत दाबलं. ढिम्म. मग त्यांनी आईला हाक मारली.

"आगं, नारळ आन. ही मला वळखत न्हाई. खरीच हाय ही."

आई धावत आली. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, शेवंताकाकू भाजी टाकून आल्या. सगळं मनासारखं झालं. फक्त चहा आला तेव्हा एक कप जास्तीचा निघाला. गाडीचा आवाज नसला तरी हॉर्न ऐकून आईने सवयीने पाटणकरांचा बिनसाखरेचा टाकून ठेवला होता.

वाया घालवायचा नाही म्हणाली. सगळ्यांच्या देखत तिने तो माझ्या हातात दिला आणि मी तो निमूटपणे प्यायले.