उंब्रियाच्या डोंगरावर टोकावड्याचा राब

माझी धाकटी बहीण सुनी इटलीत उंब्रियाच्या डोंगरावरच्या एका शेतघरात पाहुण्यांसाठी चार खोल्या चालवते. हे मी ऑफिसात सगळ्यांना कौतुकाने सांगत असलो, तरी प्रत्यक्ष जाऊन बघायचं कायम टाळत आलो होतो. शेवटी आईनेच पिटाळलं. टोकावड्याच्या आमच्या शेतातला रस्त्याकडेचा तुकडा तिने सुनीसाठी राखून ठेवलाय. परत आली तर माळशेजला जाणाऱ्यांसाठी इथेच खोल्या बांधेल, अशी आईची आशा. आता माझ्या चुलतभावाला, बाळूला, तिथे ढाबा टाकायचाय आणि त्याला पावसाआधी हो-नाही कळायला हवं होतं.

आई फोनवर सुनीला दर वेळी एकच विचारते, "येतेस कधी गो?" आणि सुनी दर वेळी, "बघू," म्हणते.

"बघू म्हंजे काय ते तू जाऊन बघ," आई मला म्हणाली. "तोंडावर बघून विचार. फोनवर सगळी बरीच असतात."

मे महिन्यात वाशिंदच्या माझ्या घरून निघालो. जाणार असाल तर व्हिसाचं काम चांगलं दोन-तीन महिने आधी सुरू करा, मी उगाच शेवटपर्यंत घाम गाळला. मुंबईहून आखातात विमान बदलून रोम, तिथून उत्तरेकडे रेल्वे. छोट्या गाड्यांचं कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. जन्मभर लोकलच्या पासवर काढलेल्या माणसाला हे कोण सांगणार? तपासनीस बाईंनी माझा चेहरा पाहून सोडून दिलं.

स्टेशनवर भावोजी आले होते. सुनीचा नवरा महेश मूळचा शहापूरकडचा. आधी जहाजावर स्वयंपाकी, मग इथल्या एका हॉटेलात. बोलणं अगदी मोजून. "प्रवास बरा झाला ना, दादा?" एवढं विचारून जे गप्प झाले ते घर येईपर्यंत. रस्ता शेवटी कच्चा आणि अरुंद आहे, गाडी भाड्याने घ्याल तर लहानच घ्या. गावात बस शाळेच्या वेळेपुरती येते आणि रविवारी तीही नाही.

घर दगडी, समोर उतारावर ऑलिव्हची झाडं. घराची मालकीण रोझाबाई, सत्तरीच्या पुढची, उताराच्या खालच्या टोकाला राहते. घर आणि जमीन ती वर्षाच्या कराराने देते आणि पुढचा करार जूनमध्ये व्हायचा होता. पाहुण्यांना न्याहारीला पाव, जॅम, कॉफी. मला मात्र सुनीने तांदळाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. ठेच्यावर ऑलिव्हचं तेल घालून बघा, मी आता घरीही तेच करतो.

रात्रीची भांडी पुसताना मी आईचा प्रश्न काढला.

"मला काय विचारतो?" सुनी म्हणाली. "मला कुठंबी चालंल. पन एका जागी, दादा. थंडीत हितं दोन-दोन महिने पाहुना नाय. नुस्तं धुकं. तवा वाटतं चला घरी. मार्चात झाडं फुटली की वाटतं राहू. ह्यांना विचारलं तर ह्ये नुस्ते खिडकीतून बघत बसतात. अर्धं हितं, अर्धं तितं, असं किती वर्सं?"

तिचे डोळे भरले तेव्हा मला भावोजींचा खराच राग आला.

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार बघून परतताना मी त्यांना गाठलंच. "भावोजी, टोकावड्याला जागा हाय. येता का परत? आईला काय सांगू?"

ते झाडांखाली उकिडवे बसले, मूठभर माती घेतली, बोटांनी चोळली. "जरा चिकण हाय," म्हणाले. "पन बरी हाय."

मी घराचं विचारतोय आणि हा गृहस्थ मातीचं सांगतोय. मी पुढे चालू लागलो.

निघायच्या आदल्या सकाळी कॉफी पिताना ओळखीचा वास आला. क्षणभर वाटलं, टोकावड्यालाच आहे. बाहेर येऊन बघतो तर उताराच्या खालच्या पट्टीत भावोजींनी राब पेटवला होता, रोपं टाकण्याआधी जमीन भाजतात तो. अगदी आपल्यासारखा: छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेजारच्या घोड्यांचं वाळलेलं शेण, वर मातीचा पातळ थर आणि पेटवलेला वाऱ्याच्या उलट बाजूने. आपल्याकडे राब भाजायचे हेच दिवस. तिकडे त्या आठवड्यात उन्हामुळे उघड्यावर काहीही जाळायला बंदी होती.

धूर सरळ पाहुण्यांच्या खिडक्यांकडे आला. एका जर्मन जोडप्याने आधी फोटो काढले आणि मग बॅगा. रोझाबाई रबरी नळी ओढत ओरडत चढून आली. आम्ही सगळ्यांनी बादल्या घेतल्या. विझेपर्यंत सुनी भिजून चिंब झाली होती.

"झालं," ती मला म्हणाली. "आता कसला करार."

रोझाबाईने महेशला फैलावर घेतलं. तो खाली मान घालून उभा होता. मग ओल्या राखेजवळ बसून तुटक्या इटालियनमध्ये काहीतरी सांगू लागला. हाताने रोपाची उंची दाखवली, वाफ्यांची जागा दाखवली. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"काय म्हनतात?" मी सुनीला विचारलं.

तिने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. "म्हनतात, मिरची आनि वांग्याची रोपं करायचीत. पुढल्या वर्सी अजून दोन वाफे वाढवायचे. त्याच्या पुढल्या वर्सी ती वरची पट्टी." आणि बांधावर बसून ती हसत-रडत राहिली.

जर्मन जोडपं गेलंच. पण दुसऱ्या सकाळी मी निघताना रोझाबाई दारात हजर. हातगाडीत कुजवलेलं खत आणि तोंडाने महेशला दम: जाळायचं नाही, हे घाल. करार जूनमध्येच करू म्हणाली आणि त्याच्या खिशातला लायटर काढून घेऊन गेली.

घरी आल्यावर शनिवारी टोकावड्याची एसटी धरली. आईला सगळं सांगायला बसलो, विमानापासून. ती नुसती हं हं करत होती. राबाशी आलो तेव्हा तिने तांदूळ निवडायचं थांबवलं.

"कुनी भाजला? सुनीनं का जावयानं?"

"भावोजींनी. अर्धाच झाला, विझवला."

तिने रस्त्याकडेच्या त्या तुकड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बाळूला सांग, ढाब्याचे खांब रोवून घे."

बघायला गेलो होतो बहीण सुखात आहे का. तीन-चार प्रश्न तोंडावर विचारले, एकाचंही सरळ उत्तर मिळालं नाही. आईला ते घरबसल्या कळलं. मला तिचं वाईट वाटलं आणि सुनीसाठी बरंही वाटलं.

संध्याकाळी सुनीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकून आईसमोर धरला. पलीकडे सुनी नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत असावी. आईने पदराने तोंड पुसलं आणि फोनवर वाकून विचारलं,

"रोपं वर आली का गो?"