न्हावऱ्याच्या वस्तीवर रेंजची पाळी

माझा धंदा माणसं फिरवण्याचा. सहली घेऊन मी आशियाभर हिंडते, आणि विमानातून उतरल्या उतरल्या आमची मराठी मंडळी देऊळ विचारत नाहीत, जेवण विचारत नाहीत, वायफायचा पासवर्ड विचारतात. काठमांडूत व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत बसलेला मी पाहिलाय. लाओसच्या डोंगरात सकाळी टाकलेला मेसेज संध्याकाळी पोचलाय. मनिलाच्या एका हॉटेलात तर लॉबीतल्या एकाच खांबाजवळ रेंज होती, तिथं अख्खा ग्रुप त्या खांबाला चिकटून उभा! हे सगळं बघून मला वाटायचं, आपल्याकडं बरंय बाई. हेच मत घेऊन मी या वर्षी मार्चमध्ये वाघोलीला एसटीत चढले.

निघाले होते न्हावऱ्याला, थोरल्या बहिणीकडं. अक्काचा फोन आला होता, "कोमलला बघायला येणार हाईत. पोरगा फिलिपाइन्सला साखर कारखान्यात हाय, तो फोनवर बघणार. तू ये बाई, तुला त्या फोनमधलं कळतं." कोमल तिची एकुलती एक मुलगी. रांजणगावच्या एका कंपनीत तयार झालेले पार्ट तपासते आणि कारेगावात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते.

कारेगावला उतरले तेव्हा कोमल स्कूटी घेऊन उभीच होती. इथं रस्त्यावर मराठीपेक्षा हिंदी जास्त कानावर पडते. शिफ्ट सुटलेली पोरं दुकानांच्या पायऱ्यांवर बसून गावाकडच्या बायकामुलांशी व्हिडिओवर बोलत होती, आणि कुणाचंही चित्र अडकत नव्हतं. आम्ही एका टपरीवर समोसे घेतले. चहा उकळून उकळून काळा झालेला, पण फक्कड.

"मावशी," कोमल म्हणाली, "पोरगा बरा वाटतोय. पण माझी एकच अट हाय. मी नोकरी सोडणार न्हाई. तो परत येईस्तोवर मी हितंच राहणार. आन् त्याचं उत्तर मला त्याच्या तोंडून ऐकायचंय, बाकीच्यांच्या न्हाई."

"आई-वडलांना सांगितलंस?"

"आप्पा म्हणत्यात, सुपारी फुटू दे, मग बघू. सुपारी फुटल्यावर काय बघायचं, डोंबल?"

मला हसू आलं, पण पोरीचं चुकत नव्हतं.

हायवे सोडला आणि फोनवरच्या दांड्या एकेक करून गळायला लागल्या. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच काढलेल्या कांद्याच्या अरणी (शेतातच रचून ठेवलेले ढीग), दुधाच्या किटल्या लटकवलेल्या मोटारसायकली. अक्काची वस्ती न्हावरे गावापासून आत, उसाच्या पोटात आहे. अंगणात पोचले तेव्हा एकही दांडी उरली नव्हती. लाओस परवडलं, असं मी मोठ्यांदा म्हणाले.

वस्तीवर रेंज येते ती एकाच ठिकाणी, गोठ्याच्या स्लॅबवर, तीही पूर्वेच्या कोपऱ्यात. त्यातून सगळ्यांनी एकदम नेट लावलं की कुणालाच मिळत नाही. म्हणून तिथं एक रीत पडलीय. पाटाच्या पाण्याची जशी पाळी असते, तशी रेंजची पाळी! कुणाच्या पोराची ऑनलाइन परीक्षा असली, कुणाला डॉक्टरला रिपोर्ट दाखवायचा असला, की त्या घरचा माणूस दारोदार सांगून येतो आणि तेवढा वेळ बाकीचे फोन बंद ठेवतात. आमचे दाजी, म्हणजे कोमलचे वडील, सकाळीच फिरून आले होते. शेजारची सून रोज त्याच वेळी मालिका बघते. तिनं फोन बंद करून मला हसत दाखवला. "आजचं नेट कोमलचं," ती म्हणाली. इतक्या देशांत फिरले, पण असा शेजार कुठं पाहिला नाही. खरंच भरून आलं मला.

दुपारी दौंड तालुक्यातल्या राहूहून पाहुणे आले. मुलाची आई आणि त्याचे आजोबा, आबा. घरात रेंज नसल्यानं तिथं बसायची सोयच नव्हती. आबांना दोघांनी धरून लोखंडी शिडीनं स्लॅबवर चढवलं, मागून पोह्यांचा ट्रे, त्यामागून कोमल. सतरंजीवर सगळे बसले आणि मी फोन लावला. लागला! मुलगा, अमोल, पडद्यावर आला. गोल चेहरा, नीट विंचरलेले केस, मागं भिंतीवरचा पंखा गरगरत होता. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला. इकडचं-तिकडचं झालं. मग कोमलनं पदर सावरला आणि सरळ विचारलं, "लग्नानंतर मी नोकरी सोडणार न्हाई. तुम्हाला चालंल का?"

अमोल ओठांवर थोडं हसू ठेवून, मान किंचित खाली घालून राहिला. बोलला काहीच नाही.

"बघा कसा ऐकून घेतोय," दाजी खूश होऊन म्हणाले. "उलट बोलणं न्हाई. चालतंय त्याला."

"तसाच हाय तो," मुलाची आई म्हणाली. "आवडलं न्हाई की गप बसतो. मागनं समजावून सांगंल तिला."

"पोरगं शांत हाय," आबांनी निकाल दिला. "मिटलं मग."

दोन घरांनी दोन उलटे अर्थ काढले आणि दोन्ही घरं एकमेकांकडं बघून हसली! मी मात्र पंख्याकडं बघत होते. त्याची पाती मोजता येत होती.

"अहो, शांत कसला!" मी ओरडलेच. "चित्र अडकलंय त्याचं! नेट गेलंय!"

तेवढ्यात पडदा काळा झाला. पुन्हा लावलं, पुन्हा पुन्हा लावलं, छे! पण ऐकतंय कोण? पेढे निघाले होते. आबा म्हणाले, "उद्या दुपारी राहूला या. घर बघा, तिथंच सुपारी फोडू." माझं डोकं फिरलं होतं, पण पाहुण्यांसमोर गिळून बसले.

संध्याकाळी बशा विसळताना कोमलनं विचारलं, "मावशी, तो व्हय म्हणला का न्हाई म्हणला?"

"कुणालाच माहीत नाही गं," मी म्हणाले. "उद्या कामाला जाताना मला बरोबर घे. कारेगावात भरपूर रेंज आहे."

सकाळी कंपनीच्या गेटाशेजारी, चिंचेखाली उभं राहून आम्ही फोन लावला. अमोल लगेच आला. स्वच्छ चित्र, स्वच्छ आवाज.

"बरं झालं फोन केलात," तो म्हणाला. "काल तुम्ही ऐकून घेतलंत, बरं वाटलं."

"काय ऐकून घेतलं?"

"हेच की, मी येईपर्यंत राहूला आईजवळ राहा, नोकरीचं पुढं बघू. तुम्ही मान खाली घालून होकार दिलात ना?"

मी कपाळाला हात लावला. तिकडं त्याला आमची कोमल अडकलेली दिसत होती!

"तो होकार नव्हता," कोमल म्हणाली. "माझं चित्र अडकलं होतं. आता नीट ऐकू येतंय?"

"येतंय."

"मग ऐका. नोकरी माझी हाय. ती सोडून मी राहूला बसणार न्हाई. चालंल का तुम्हाला?"

अमोलनं मानेवरून हात फिरवला. बाजूला पाहिलं. कुणीतरी त्याला तिकडच्या भाषेत हाक मारली, त्यानं थांब अशी खूण केली. बाटलीतलं पाणी प्यायला. सगळं हलत होतं, सगळं ऐकू येत होतं. पोरगा वाईट नव्हता हो, खोटं बोलायचं नव्हतं त्याला. पण तो बोलला नाही.

कोमलनं बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, "ठेवते." फोन पर्समध्ये टाकला, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलं. "मावशी, राहूला तू सांगशील? आप्पांची जीभ न्हाई उचलायची." आणि गेटातून आत गेली. मी तिथंच उभी राहून रडले.

दुपारी अक्का-दाजींबरोबर जीपनं भीमा ओलांडून राहूला गेलो. सकाळचं सगळं मी त्यांना निघायच्या आधीच सांगितलं होतं. एका गुऱ्हाळाचा गोड वास आला, पण थांबू या असं कुणी म्हणालं नाही. घर छान होतं, दारात रांगोळी, आत पुरणाचा स्वयंपाक, ताटात सुपारी. मी जेवणाआधीच सांगून टाकलं.

आबा सुपारीकडं बघत बसले. मुलाच्या आईनं घाईघाईनं आपला फोन माझ्यापुढं धरला. "नेट गेलं असंल हो. तिकडं सारखं जातंय. परत लावून बघा की."

"नाही वहिनी," मी म्हणाले. "आज रेंज चांगली होती."

तिनं फोन मागं घेतला. आत जाऊन पाट मांडायला लागली. "जेवल्याबिगर कुणी जायचं न्हाई," आबा म्हणाले. आम्ही जेवलो.

चौफुल्याला मी पुण्याची एसटी धरली. कोणत्या देशात नेट किती पळतं, हे मला लोक नेहमी विचारतात. मंद नेटनं दोन घरं एक दिवस सुखात ठेवली होती, आणि वेगवान नेटनं सकाळी ते सुख संपवलं. तरी मला विचाराल तर वेगवान नेटच बरं. सुपारीनंतर कळलं असतं तर पोरीचं काय झालं असतं?

यवतच्या पुढं कोमलचा फोन आला. शिफ्ट सुटली होती.

"जेवलीस का तिथं?"

"जेवले गं. आबांनी सोडलं नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. पुढं ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. पुणं येईपर्यंत फोन दोघींनीही ठेवला नाही.