व्याह्यांना माझं वाशीचं घर दाखवलं

चहा उकळतोय तोवर सांगूनच टाकतो. नाहीतर आमची श्रुती तिच्या पद्धतीनं सांगेल, आणि तिच्या सांगण्यात मी आहे त्याहून जास्त बावळट दिसतो. आहे तेवढा पुरेसा आहे हो.

श्रुतीचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. पोरांचं पक्कं होतं, पण सुपारी फुटायची होती. मुलगा कोल्हापूरचा. त्याचे आईवडील पहिल्यांदाच आमच्या खारघरच्या फ्लॅटवर आले. वडील यशवंतराव, बांधकामाचे ठेकेदार, आता निवृत्त. भरदार मिशा, कडक पांढरा शर्ट, आणि आवाज असा की समोरच्यानं सावरून बसावं. सवय एकच: जाईल तिथं भिंतीवर बोटानं टकटक करायची. आमच्या हॉलच्या भिंतीवर त्यांनी टकटक केली आणि काहीच बोलले नाहीत. मला रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीत उभे राहून त्यांनी डोंगरापासून खाडीपर्यंत पसरलेले टॉवर बघितले आणि म्हणाले, "झ्याक हाय. पर व्याही, तुमच्या गावाला इतिहास न्हाई बगा. समदं कालचं."

आता सांगा, हे ऐकून गप्प कसं बसायचं? मी वाशीत वाढलो. रेल्वे आली नव्हती तेव्हापासूनचा माणूस मी. शिवाय श्रुतीनं सासरी सांगून ठेवलेलं की बाबांना नवी मुंबईचं खडान् खडा माहीत आहे. बायका बाजारात जायला निघाल्या होत्या. मी गाडीची किल्ली उचलली. म्हटलं, "चला, इतिहास दाखवतो."

पहिल्यांदा बेलापूरचा किल्ला. मी रस्ताभर सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असं सगळं सांगत नेलं. यशवंतराव ऐकत होते, मान डोलावत होते. त्यांच्या डोळ्यासमोर पन्हाळा उभा राहिला असणार. पोचलो, तर समोर बुरूज. त्यांनी त्याला एक फेरी मारली. तेवढ्याला फार वेळ लागला नाही.

"आनि किल्ला?" त्यांनी विचारलं.

"हाच."

"असं व्हय," ते म्हणाले. त्या दोन शब्दांत पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंत सगळं होतं.

मग म्हटलं फ्लेमिंगो दाखवू. सीवूड्सच्या मागे पाणथळीवर थव्यानं उतरतात, सगळं पाणी गुलाबी दिसतं. फक्त ते थंडीत येतात, आणि आम्ही गेलो दसऱ्याच्या आधी. पाण्यात एक बगळा उभा होता. एका पायावर.

यशवंतरावांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. "ह्यो पुढं आलेला दिसतोय," ते म्हणाले. "जागा बघायला."

मी पुरता खजील झालो. आणि खजील झालेला माणूस काय करतो? जुन्या आठवणींना हात घालतो. मी म्हटलं, "यशवंतराव, इतिहास काय फक्त किल्ल्यांचा असतो? चला, मी जिथं वाढलो ते घर दाखवतो."

वाशीकडं जाताना मी बोलत सुटलो. बाबांनी परळचं भाड्याचं घर सोडून इथं घर घेतलं, तेव्हा नातेवाईक भेटायला आले ते सांत्वनाला आल्यासारखे. "खाडीपलीकडे?" असं आत्या म्हणाली होती, जसं काही आता परत भेटच नाही. संध्याकाळी खाडीचा खारट वारा सुटायचा, रात्री कोल्हे ओरडायचे. शेजारच्या जुहूगावची कोळीण कमळामावशी डोक्यावर पाटी घेऊन यायची आणि आम्ही पोरं दिसलो की आधी दटावायची, "उन्हान खेलू नको रं, पानी पी जा, डोकां तापलंय." बोंबील आईला नंतर दाखवायची. शेजारी कोण कुठला हे कुणाला माहीत नव्हतं, कारण सगळेच नवे होते. त्यामुळे सगळेच लगेच जुने झाले.

यशवंतराव आता माझ्याकडं वळून ऐकत होते.

सेक्टरमध्ये शिरलो. रस्ते ओळखू येईनात. पण मग ती पिवळी तीनमजली इमारत दिसली, दारात बदामाचं झाड, आणि मी गाडी तिथंच थांबवली. वॉचमननं विचारलं, "किधर?"

"घर देखने आया हूं. तिसरा माला."

तो ताडकन उभा राहिला. "हां साब, जाइए. सब लोग ऊपर रुके हैं आपके लिए."

मी यशवंतरावांकडं बघितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मी मनात म्हटलं, वाशीत अजून आपलं नाव निघतं. कुणी कळवलं असेल, कसं कळलं असेल, असले प्रश्न कौतुकाच्या वेळी सुचत नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. साठीच्या एक बाई पुढं आल्या, डोक्यावरची ओढणी सारखी करत. मागाहून कळलं, त्या मुकादम भाभी, मूळच्या उरणकडच्या. "या, या. सकाळपासून वाट बघतोय. आधी बसा, चहा घ्या, मग बघा काय बघायचं ते."

त्यांच्याशेजारी चष्म्यातले एक गृहस्थ उभे होते. "मी शिर्के, सोसायटीचा सेक्रेटरी," असं म्हणून त्यांनी माझ्याशी हात मिळवला. मागं जिन्यात पाचसात माणसं. मी भारावून गेलो.

"चहा राहू दे," मी म्हटलं. "आधी भिंती बघू दे."

सगळे बाजूला झाले. मी हॉलमध्ये उभा राहिलो. खिडकीतून तसंच ऊन येत होतं. मी भिंतीवर हात ठेवला. यशवंतरावांनी सवयीनं टकटक केली. जिन्यातून कुणीतरी कुजबुजलं, "दोघं आलेत."

"ह्या भिंतींची माझी फार जुनी ओळख आहे," मी म्हटलं.

"म्हणजे आधी पण तुम्हीच बघितलेली?" शिर्क्यांनी विचारलं.

"बघितलेली? पाठ आहे मला." मी खिडकीच्या वरचा कोपरा दाखवला. "इथं ओल यायची. श्रीलंकेच्या आकाराची."

भाभींनी तोंडावर हात ठेवला. "या अल्ला. आम्ही परवाच रंग मारून झाकलं. तुम्हाला कसं कळलं?"

"न बघता सांगितलं," जिन्यातला माणूस म्हणाला. "ह्याला म्हणतात अनुभव."

मी स्वयंपाकघरात गेलो. कडप्प्याचा ओटा, जाळीची खिडकी. आई इथं उभी राहून भाकरी थापायची. मी ओट्यावरून हात फिरवला. मी वळून म्हटलं, "एक सांगतो. ही इमारत पाडायचं कधी मनात आणू नका."

शिर्क्यांचा चेहरा उतरला. भाभींचा उजळला. मला वाटलं, माझ्या भावनेनंच.

"पण साहेब," शिर्के म्हणाले, "टिकेल का ही?"

उत्तर यशवंतरावांनी दिलं. त्यांनी खांबावर टकटक केली, कान लावला. "आमच्या हातात असती तर अजून पन्नास वरसं हलू दिली नसती. गिलावा नवा करा. बाकी एक नंबर."

जिन्यात एकदम दोन पक्ष पडले. कुणी म्हणालं, मी पहिल्यापासून सांगत होतो. कुणी म्हणालं, मग टॉवर गेला का आपला. एक काका चढ्या आवाजात म्हणाले की त्यांचे गुडघे गेलेत आणि लिफ्ट मिळणार म्हणून त्यांनी सही केलीय. मला यातलं अक्षर कळलं नाही. मी समजलो, जुन्या आठवणींनी लोक हळवे झालेत.

भाभींनी मोबाइल काढला. "साहेब, हे सगळं ग्रुपवर टाकते. सगळ्यांसाठी दोन शब्द बोला."

दोन? मी बराच वेळ बोललो. ही नुसती विटांची इमारत नाही, हिनं माणसं वाढवलीत, हिच्यावर हातोडा उचलणाऱ्याचा हात थरथरला पाहिजे. शेजारी यशवंतराव हाताची घडी घालून उभे. ते माझ्या कानात म्हणाले, "व्याही, लई मान हाय की तुमाला हितं."

शिर्क्यांनी घाम पुसला. "साहेब, हे तुमचं टेक्निकल मत समजायचं का?"

"मनापासूनचं मत आहे," मी म्हटलं.

तेवढ्यात जिन्यातली माणसं बाजूला झाली आणि एक तरुण मुलगी आत आली. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर यंत्राची बॅग. "सॉरी हं, ट्रॅफिकमध्ये अडकले. स्ट्रक्चरल ऑडिटसाठी, इमारतीची मजबुती तपासायला आलेय. सुरुवात या फ्लॅटपासून करायची ना?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या.

शिर्के माझ्याकडं वळले. "मग तुम्ही कोण?"

"मी इथं राहायचो," मी म्हटलं.

"इथं म्हणजे?"

"याच घरात. इमारत नवी होती तेव्हापासून."

भाभी शांतपणे म्हणाल्या, "इमारत नवी होती तेव्हा माझे सासरे इथं राहायला आले. मी नवी नवरी म्हणून याच दारातून आत आले."

"पण ती ओल?"

"ती सगळ्याच इमारतींत तिथंच यायची हो," शिर्के म्हणाले. "एकाच नकाशावरून बांधलेल्या. तुमच्या इमारतीचा नंबर काय होता?"

"नऊ."

"ही चार." त्यांनी मला दंडाला धरून खिडकीशी नेलं. बदामाच्या झाडापलीकडं एक काचेचा टॉवर उभा होता, इतका उंच की त्याचा वरचा भाग खिडकीतून दिसतच नव्हता. "नऊ नंबर तो. तीन वर्षं झाली. तुमचं घर पार्किंगच्या दुसऱ्या मजल्याच्या आसपास आलं असेल."

मी त्या टॉवरकडं बघत राहिलो. हसावं की काय करावं, कळेना. इतक्या वर्षांत खारघरहून वाशी ती किती लांब? पण मी कधी आलोच नव्हतो. घर विकलं तरी ते आहेच तिथं, असं धरून चाललो होतो.

मागं कुणीतरी हसलं, पण भाभींनी त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प झाला. त्या मला म्हणाल्या, "तुमचं घर पण असंच होतं ना? अगदी असंच? मग हेच बघून घ्या. बसा थोडा वेळ. चहा टाकलाय."

आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्च्या टाकून बसलो. ती मुलगी हॉलमध्ये यंत्र लावत होती, आणि आत भाभी चहा गाळत होत्या. चहा आला, तो यशवंतरावांनी बशीत ओतला. मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या पेठेत तालीम हुती. माझं वडील, मी, दोघं बी तितंच घुमलो. आता तितं बी पार्किंग हाय. पोराला सांगितलं न्हाई कधी. गाडी लावायला जाताना उगच दोन मिन्टं उभा ऱ्हातो."

मी माझी खुर्ची त्यांच्याकडं सरकवली. त्यांनी भिंतीवर टकटक केली नाही.

निघताना शिर्के म्हणाले, व्हिडिओ तेवढा काढून टाकायला सांगतो. भाभी म्हणाल्या, राहू दे. भांडण अजून पेटलेलं होतं, पण ते आता त्यांचं त्यांच्यात होतं.

परतीच्या वाटेवर यशवंतराव आपणहून बोलायला लागले. लाल माती, हौद, पहाटेचं थंडाईचं दूध. मी कोल्ह्यांचं सांगितलं, ते म्हशींचं सांगत होते. बेलापूर मागं पडलं तेव्हा ते म्हणाले, "येत्या ऐतवारी सुपारी फोडू. उगच लांबवायचं कशाला?"

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. गाडी लावली, बोलत बोलत लिफ्टमध्ये शिरलो, बोलत बोलत वर आलो आणि बेल वाजवली. दार उघडायला उशीर झाला तशी मी दारावर थाप मारून म्हटलं, "अगं, ऐकतेस का? सुपारीचं ठरलं."

दार उघडलं. बनियन घातलेला एक अनोळखी तरुण डोळे चोळत उभा होता. मी दारावरची पाटी वाचली. आम्ही राहतो ए विंगमध्ये. ही बी विंग होती.

मी तोंड उघडायच्या आत यशवंतरावांनी त्या तरुणाला हात जोडले आणि म्हणाले, "च्या नको पावनं. आमी आत्ताच घिऊन आलोय."