श्रावण अर्जदार व्हायचा

आमची नाटक मंडळी बंद पडली, तेव्हा यवतमाळच्या एका प्रशिक्षण केंद्राने मला आसरा दिला. नव्या नायब तहसीलदारांनी लोकांसमोर कसं उभं राहावं, कसं ऐकावं, हे मी शिकवायचो. सरावात गावकऱ्याचं काम करायला मी तिथला शिपाई निवडला, बाभुळगावचा श्रावण. "मास्तर, चाय सांगू का नाटक करू?" असं हसत विचारायचा. मी लिहून दिलेलं चार ओळींचं गाऱ्हाणं वाचायचा, दुपट्टा खांद्यावर टाकायचा आणि अर्जदार व्हायचा. चाळीस वर्षं रंगभूमीवर काढली, इतका अस्सल नट पाहिला नाही.

लाल्या रोगाने कापूस खाल्ला, त्या हिवाळ्यात एका सकाळी मी कागद द्यायला विसरलो. तरी श्रावण उभा राहिला. समोर सलील नावाचा तरुण अधिकारी.

"साहेब, मी फुलसावंगीचा नानाजी. तुमच्या लोकायनं पंचनामा चावडीतच बसून केला. माहं वावर नाल्यापलीकडं हाये, थे कोणी पाह्यलंच नाही. सोमवारी कपाशीची पऱ्हाटी उपटून गहू पेरतो. मंग काय दिसंन? त्याच्या आधी..."

"नाल्यातून गाडी जात नाही," सलील मध्येच म्हणाला. "अर्ज ठेवून जा."

श्रावणचं तोंड उघडंच राहिलं. मग हळूच म्हणाला, "मास्तर, मी काय बोललो?"

"कमाल केलीस, गड्या!"

"मले काहीच याद नाही." त्याचा हात धरला, तर गार.

त्याच शनिवारी सलीलला पंचनाम्यांच्या मदतीला फुलसावंगीला धाडलं. पुढचं त्यानेच मला सांगितलं. चावडीतल्या गर्दीतून एक अनोळखी म्हातारा उठला.

"मागच्या खेपेस तुमी मधातच बोलले, साहेब. आता तरी पुरं आइकता का?"

सलीलच्या अंगावर काटा आला. "बोला, नानाजी."

"त्याच्या आधी एकडाव चाला माह्यासंग."

सलील बूट हातात घेऊन नाला उतरला. पलीकडे लालभडक पानं, न उमललेली बोंडं. बांधावर बसून त्याने पंचनामा लिहिला. "झालं," म्हणून म्हाताऱ्याने सही केली.

मी हे श्रावणला सांगितलं. त्याने दुपट्टा घडी करून माझ्या हातात दिला.

"मी आता उभा नाही राहत, मास्तर. माह्या तोंडून बोलाले अजून कोण कोण थांबून राह्यलं असंन?"

निवृत्त होईपर्यंत त्याने फाटकावरच काम केलं. सरावात त्याच्या जागी मी उभा राहिलो. टाळ्या पुष्कळ मिळाल्या. पण माझ्या तोंडून माझ्याशिवाय कधी कोणी बोललं नाही.